तोसाहून परतीची वाट

रोजनिशी म्हटली की कामकाजाच्या आणि भेटीगाठींच्या नोंदी आपल्या डोळ्यांपुढे येतात. दहाव्या शतकातील जपानी दरबारातही हीच रीत होती. अधिकारी पुरुष आपल्या रोजनिश्या चिनी भाषेत लिहीत. त्यांत समारंभ, नेमणुका व राजाज्ञा यांना जागा असे. घरातल्या दुःखाला नसे. त्या दुःखासाठी एका कवीने वेगळी वाट कशी शोधली, हे 'तोसा निक्की', म्हणजे तोसाची रोजनिशी, या छोट्याशा ग्रंथावरून कळते.

कवीचे नाव की नो त्सुरायुकी. इ. स. ९०५ मध्ये सम्राट दाइगोच्या आज्ञेने हाती घेतलेल्या 'कोकिनशू' या काव्यसंग्रहाचा तो प्रमुख संपादक. ९३० मध्ये त्याला शिकोकू बेटावरील तोसा प्रांताचा सुभेदार नेमण्यात आले. मुदत संपल्यावर तो जलमार्गाने राजधानीस, म्हणजे आजच्या क्योतोस, परत निघाला. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातील २१ व्या दिवशी निघालेली मंडळी ९३५ च्या दुसऱ्या महिन्यातील १६ व्या दिवशी घरी पोहोचली. या ५५ दिवसांची हकिकत लिहिताना त्सुरायुकीने एक नवलच केले. सांगणारी व्यक्ती बरोबरची एक स्त्री आहे, असे त्याने दाखविले आणि स्त्रियांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काना लिपीत, सरळ जपानी भाषेत लिहिले.

या रोजनिशीत मोठे पराक्रम नाहीत. निरोपाच्या मेजवान्या होतात, वारा प्रतिकूल म्हणून नाव दिवस दिवस बंदरात अडकून पडते, चाचांच्या भीतीने मध्यरात्री सामुद्रधुनी ओलांडावी लागते. सुमियोशीजवळ वादळ उठते तेव्हा तांडेल म्हणतो, देवाला काहीतरी मोलाचे हवे आहे. जवळचा आरसा समुद्रात टाकताच लाटा शांत होतात. देव आणि तांडेल यांची आवडनिवड इतकी सारखी कशी, असे मिस्कीलपणे सुचवायला लेखक चुकत नाही.

पण या हसण्याखाली एक जखम आहे. राजधानीत जन्मलेली एक मुलगी तोसाला बरोबर गेली होती आणि तिथेच अकस्मात वारली. आता सारे परततात, ती परतत नाही. वाटेत 'हाने' नावाचे गाव लागते. हाने म्हणजे पंख. नावेतले एक लहान मूल विचारते, हे गाव पक्ष्याच्या पंखासारखे आहे का? सगळे हसतात, आणि त्याच क्षणी मृत मुलीच्या आईला आपले लेकरू आठवते. अशा प्रसंगी ओठांवर येते ती 'वाका': ५, ७, ५, ७, ७ अशी अवघ्या ३१ अक्षरांची कविता. ग्रंथात अशा ५० हून अधिक कविता आहेत.

भारतातून चीन व कोरिया यांच्या मार्गे जपानला पोहोचलेल्या बौद्ध धर्माने 'अनित्य' हा विचार तिकडे नेला; जपानी भाषेत त्याला 'मुजो' म्हणतात. त्सुरायुकी त्यावर प्रवचन करीत नाही. तो आपल्याला फक्त घराच्या दारात नेऊन उभे करतो. शेजाऱ्यावर सोपविलेले घर मोडकळीस आलेले आहे. डबक्याकाठच्या पाइन वृक्षांपैकी अर्धे नाहीसे झाले असून मध्येच कोवळी रोपे उगवली आहेत. सोबतच्या मंडळींभोवती त्यांची मुले गलका करीत आहेत. वाचकहो, याहून अधिक काही सांगण्याची गरज आपल्यालाही वाटणार नाही.

त्सुरायुकीने उघडलेल्या या वाटेने पुढे कित्येक जण गेले. सुगावारा नो ताकासुए याच्या कन्येने 'साराशिना निक्की'त १०२० मधला आपल्या बालपणीचा राजधानीपर्यंतचा प्रवास आठवून लिहिला. आबुत्सू या भिक्षुणीने १२७९ मधील कामाकुराच्या प्रवासाची रोजनिशी ठेवली. सतराव्या शतकातील बाशो या कवीनेही प्रवासवर्णनाच्या थोर पूर्वसूरींत त्सुरायुकीची गणना केली.

हा ग्रंथ लवकर फाडून टाकावा, असे म्हणून त्सुरायुकीने लेखणी खाली ठेवली. तो कोणी फाडला नाही. बरोबर ३०० वर्षांनी, १२३५ मध्ये, फुजिवारा नो तेइका या थोर कवीने त्याची हस्तप्रत पाहून नक्कल केली. शेवटच्या भागात तर त्सुरायुकीच्या अक्षराचे वळणही गिरविले. पुढे मूळ प्रत काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्या अनाम मुलीची आठवण मात्र राहिली.