समुद्राला कळतं कोण कोणती गोळी घेतं

बाल्टिक समुद्रात किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जा आणि तिथलं लिटरभर पाणी भरून घ्या. चव निमखारी लागेल. आणि नीट तपासलंत तर त्यात बहुधा फेफऱ्यावरचं औषधही सापडेल. कार्बामाझेपिन त्याचं नाव. आपल्याकडे ते टेग्रेटॉल म्हणून ओळखीचं आहे. बाल्टिक आणि शेजारच्या स्कागेराकमधले 43 ठिकाणचे नमुने संशोधकांनी तपासले, त्यांतल्या 37 नमुन्यांत ते निघालं. हा अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला.

किती होतं ते? बाल्टिकच्या वेगवेगळ्या भागांत लिटरमागे सरासरी अर्ध्या नॅनोग्रॅमपासून तीनपर्यंत. 200 मिलिग्रॅमची एक गोळी साडेसहा कोटी लिटर पाण्यात विरघळवली, तर तीन नॅनोग्रॅमचा हिशेब जमतो. म्हणजे नसल्यातच जमा, असं वाटेल. पण बाल्टिकमध्ये पाणी आहे सुमारे 21 हजार घनकिलोमीटर. लिटरला एकच नॅनोग्रॅम धरला तरी एकूण औषध भरतं 21 टन! आणि त्यातलं बहुतेक कुणा ना कुणाच्या शरीरातून गेलेलं.

त्याचा प्रवासही गमतीचा आहे. रुग्णाचं यकृत या औषधाचा बहुतेक भाग बदलून टाकतं. मूळ रूपात लघवीवाटे जेमतेम दोन-तीन टक्के बाहेर पडतं. शिवाय काही भागाला शरीर साखरेपासून बनलेला एक रेणू चिकटवतं, म्हणजे तो पाण्यात सहज विरघळून निघून जावा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले जीवाणू नेमका हा जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे केंद्रात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या ‘शुद्ध’ पाण्यात ते जास्त मोजलं गेल्याची उदाहरणं आहेत.

मला थक्क करतो तो याच अभ्यासाचा पुढचा भाग. संशोधकांनी एक गणिती प्रारूप मांडलं. त्यात किनाऱ्यावरच्या देशांची लोकसंख्या घातली, तिथे हे औषध किती खपतं ते घातलं, शरीरातून किती बाहेर पडतं, केंद्रांत किती अडतं, नद्या आणि हवामान कसं आहे, तेही घातलं. उत्तर आलं ते प्रत्यक्ष मोजणीशी जुळणारं. औषधांच्या खपाचे आकडे हाती असले, की बोटीत पाय न ठेवता समुद्राच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो!

हे इथे स्पष्ट दिसतं, कारण बाल्टिक म्हणजे अरुंद तोंडाचा रांजण. डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांमधूनच त्याचं पाणी बदलतं, आणि पुरतं बदलायला तीसेक वर्षं लागतात. किनाऱ्यावर नऊ देश, पाणलोटात सुमारे साडेआठ कोटी माणसं. प्रत्येक देशाच्या डॉक्टरांच्या सवयी निराळ्या, आणि त्या सगळ्या या एकाच पाण्यात येऊन मिसळतात.

सवय म्हणजे नुसतं औषधाचं नाव नव्हे. डायक्लोफिनॅक घ्या. (हो, तेच. आपली गिधाडं ज्यानं संपत आणली आणि जनावरांसाठी ज्यावर 2006मध्ये बंदी आली.) गुडघ्याला त्याचं जेल चोळलं, तर त्वचेतून आत जातं सहा टक्क्यांच्या आसपास. उरलेलं हातावर, कपड्यांवर, आणि तिथून मोरीत. म्हणून जर्मनीत लोकांना सांगतात, की जेल लावल्यावर हात आधी कागदानं पुसा आणि मगच धुवा. इतकी साधी सूचना मला भलतीच आवडते. स्टॉकहोममध्ये डॉक्टरांसाठी शिफारस केलेल्या औषधांची एक यादी असते. तिच्यात दोन औषधं गुणाला सारखी असतील, तर पर्यावरणाला कोणतं कमी जाचेल हेही पाहिलं जातं.

फेफऱ्याच्या गोळीला मात्र असा सोपा पर्याय नाही. आजार आटोक्यात असलेल्या माणसाचं औषध समुद्रासाठी बदला, असं कोण म्हणेल? तिथे इलाज नळाच्या दुसऱ्या टोकाला. स्वीडनमधल्या लिंशोपिंग शहरानं 2017पासून सांडपाण्यावर ओझोनची प्रक्रिया सुरू केली. कार्बामाझेपिन ओझोनपुढे टिकत नाही. पण जे आधीच समुद्रात पोचलंय, ते हळूहळूच जाणार. 10 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात त्यातलं निम्मं नाहीसं व्हायला साडेतीन वर्षं लागतात, असा हिशेब आहे, आणि उरलेल्यातलं निम्मं जायला आणखी साडेतीन.