बंब जेथे पोहोचत नाही

फिलाडेल्फिया शहरी १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने शेजारीपाजारी जमवून आगीच्या निवारणार्थ जी मंडळी उभी केली, तिची परंपरा अमेरिकेत आजही इतकी बळकट आहे की तेथील अग्निशामकांत वेतनाविना राबणाऱ्यांचेच आधिक्य आहे. आपल्याकडे अग्निशमन हे नगरपालिकांचे जुने कर्तव्य. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ते बाराव्या अनुसूचीतही नोंदले गेले. तेव्हा तळेगाव दाभाडे येथे स्वयंसेवकांचा बंब शोधू जाणाऱ्यास तो सापडावयाचा नाही. स्वयंसेवक सापडतील ते बंबाची चाके जेथे थांबतात तेथे, म्हणजे नदीच्या डोहात, दरीत आणि फाल्गुन-चैत्रात पेटणाऱ्या डोंगरउतारावर.

१५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जीर्ण लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी अंगावर असतानाच कोसळला आणि चौघे दगावले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन जवळच सुदुंबरे येथे असल्याने शासकीय साहाय्याची तजवीज त्वरेने झाली हे खरे; तथापि त्या दलाच्या खांद्याला खांदा लावून ग्रामस्थ, वन्यजीव रक्षक मावळ ही संस्था आणि लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र हे बचावपथकही पाण्यात उतरले होते. साप-मगरींच्या सुटकेसाठी निघालेले तरुण माणसांच्या शोधकार्यात निष्णात व्हावेत, यात मला नवल वाटत नाही. पाण्याची ओढ, निसरडा खडक आणि लोकांची अनावर गर्दी यांची ओळख दोन्ही कामांत सारखीच लागते.

वणव्याची गोष्ट निराळी. घोरावडेश्वरासारख्या डोंगरांवरील गवत उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत झाले, की एखाद्या विडीच्या थोटकाचेही निमित्त पुरते. तेथे पाणी चढवणे अशक्यप्राय. म्हणून हिरव्या पाल्याचा डहाळा घेऊन ज्वाळांच्या बगलेने, वारा पाठीशी ठेवून चालावे लागते. नवखा मनुष्य आवेशाने डहाळा उंच उगारून आपटतो आणि ठिणग्या उधळून पुढचे गवत स्वतःच पेटवतो. जाणता तो खाली दाबून धरतो, आगीचा श्वास कोंडतो आणि मगच उचलतो. पुढे कोणीतरी गवत खरवडून जाळरेषा काढीत असतो, आणि विझलेल्या कडेवर पुन्हा धूर दिसतो का हे पाहत मागे राहणे हे सर्वांत कंटाळवाणे काम बहुधा सर्वांत धाकट्याच्या वाट्याला येते.

कारखान्यांच्या आगीत मात्र स्वयंसेवकाने आवेश आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाज्या बनविणाऱ्या कारखान्यात कामगार स्त्रियांचा जो बळी गेला, त्या प्रकारच्या आगीत श्वसनसंच व रसायनांचे ज्ञान यांवाचून शिरणारा मनुष्य सुटका करणाऱ्यांनाच ओझे होतो. तेथे उपयोगी पडतो तो २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, ज्याने अग्निसुरक्षेच्या यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांवर टाकली आहे. बाहेर रस्ता मोकळा ठेवणे, नातलगांना आवरणे, जखमींना वाहन मिळवून देणे ही कामे मानाची नसली तरी गरजेची आहेत.

या साऱ्या कामांना पैसा लागतो, आणि लोकाश्रयाचा प्रश्न तळेगावास नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, सामान्यांच्या एकेका पैशाच्या वर्गणीवर, याच गावी १९०८ च्या सुमारास काचेचा कारखाना उभा राहिला. आजचा दाता बहुधा निराळ्या वृत्तीचा: बचावकार्यासाठी बोट द्यावी, तिच्यावर आपले नाव रंगवावे, हारतुऱ्यांचा समारंभ व्हावा, ही त्याची इच्छा गैर नव्हे. परंतु दोरावर कोणाचे नाव रंगवता येत नाही, आणि जोराचा हिसका खाल्लेला दोर वरून नवाकोरा दिसला तरी तो बाद करून दुसरा आणावा लागतो. डिझेल, टॉर्चच्या बॅटऱ्या, स्वयंसेवकाचा विमा आणि मध्यरात्री वर्दी आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पाळीतून मिळणारी भरपगारी सुट्टी, हे सारे त्याच दोराच्या जातीचे खर्च होत. आणि शेवटची बाब तर चाकण-तळेगावच्या कारखानदारांच्या एका सहीवर अवलंबून आहे.