व्यवस्थापक आणि कामगारांचा विश्वास

पिंपळे गुरवमधील कित्येक घरांची चूल पिंपरी, भोसरी व चाकणच्या कारखान्यांवर पेटते. त्यामुळे कामगारांचा विश्वास व्यवस्थापक कसा संपादन करू शकतो, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

चांगला पगार आणि सोयी दिल्या की विश्वास आपोआप लाभतो, असा एक समज आहे. पिंपरीच्या टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, इतिहास निराळे सांगतो. कामगारांच्या सोयींबद्दल या कारखान्याची ख्याती होती. तरीही १९८८-८९ मध्ये तेथे तीव्र संघर्ष पेटला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगार सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषणास बसले. अखेर पोलिसांनी त्यांना तेथून हलविले. संप मिटला. परंतु कामगारांना आपण गृहीत धरले होते, असे रतन टाटा यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. सोयी दिल्या तरी संवाद उरतोच, हा यातील बोध होय.

मग विश्वास येतो कशाने? पहिली गोष्ट, तो आधी द्यावा लागतो. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्याच्यावर कोणी विसंबत नाही, त्याच्या हाती राखण सोपविली की तो त्या विश्वासाला जपू लागतो.

दुसरी गोष्ट, वाईट बातमीही वेळेवर सांगावी. पाळी बंद होणार असेल तर ते साहेबांकडून कळावे, चहाच्या टपरीवर नव्हे. वरिष्ठ गप्प राहिले की अफवा बोलू लागते.

तिसरी गोष्ट, नियम सर्वांना सारखा हवा. उशिराबद्दल कामगाराचा पगार कापायचा आणि अधिकाऱ्याकडे काणाडोळा करायचा, हे साऱ्या खात्याला दिसत असते.

चौथी गोष्ट, शब्द पाळावा. आज एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. 'पुढच्या वर्षी कायम करू' हे आश्वासन मोडले, तर पुढचे खरे वचनही खोटे वाटते. देणे शक्य नसेल तर स्पष्ट नकार बरा.

आपल्यापैकी काहीजण उद्या कामगार होतील, काही अधिकारी. खुर्ची नेमणूकपत्राने मिळते. विश्वास मात्र रोजच्या वागणुकीतूनच मिळवावा लागतो.