बगळ्यामागचे धुराडे

डहाणूच्या खाडीकडे कॅमेरा वळवला की एक गोष्ट हटकून चौकटीत येते: औष्णिक वीज केंद्राचे 275 मीटर उंच धुराडे. चिखलात बगळा स्तब्ध उभा असतो, पाणी संथ असते, उजेड कोवळा असतो आणि मागे ते धुराडे. संगणकावर ते पुसून टाकायला आता दहा सेकंदही लागत नाहीत. डहाणू-तलासरी भागात हौसेने पशुपक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस घरी येऊन फोटो उघडतो तेव्हा त्याला ठरवावे लागते, हे पुसायचे की राहू द्यायचे.

हा मुलूख हौशी छायाचित्रकाराला भरभरून देणारा आहे. 2013 पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. स्टेशनातून पश्चिमेला गेले की थोड्याच वेळात समुद्र लागतो. उत्तरेला घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि सुरूची बने आहेत, पूर्वेला तलासरीकडे डोंगर, पाडे आणि कुर्झे धरणाचे पाणी. इतकी हिरवळ टिकली त्यामागे कायदाही उभा आहे. जून 1991 मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि तालुक्याभोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यातही उद्योगांवर बंधने घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये डहाणूच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षे त्याचे अध्यक्ष होते.

किनाऱ्यावर फोटो काढायचे तर कॅमेऱ्याच्या आधी भरती-ओहोटीचे कोष्टक शिकावे लागते. बोर्डीला ओहोटीच्या वेळी पाणी इतके आत जाते की पक्षी नुसते ठिपके होऊन राहतात. त्यांच्यामागे चिखल तुडवत गेले तर ते आणखी लांब उडतात आणि त्यांची चरण्याची मोलाची वेळ वाया जाते. त्याऐवजी भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी काठाशी बसून राहावे. पाणीच तुतवार, चिखल्या, सुरय आणि कुरव यांना माणसाकडे ढकलत आणते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सकाळचे ऊन आणि चढती भरती यांची गाठ पंधरवड्यात मोजक्याच दिवशी पडते. ते दिवस आधी हेरून ठेवणारा माणूस महागडी लेन्स नसतानाही चांगले फोटो आणतो. इथे समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका चमकतो. संध्याकाळी त्याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृती मिळतात. उन्हे चढली की वाळूवरची हवा थरथरू लागते. त्या हवेतून काढलेला फोटो मऊ येतो, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने धारदार होत नाही.

समुद्र बगळा हा तर या किनाऱ्यावरचा खरा परीक्षक. एकाच जातीतले काही पक्षी पांढरेशुभ्र असतात, काही गडद राखाडी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. काळ्या चिखलात पांढरा बगळा उभा असला की तो चिखल उजळवायला जातो आणि बगळ्याची पिसे पार जळून जातात. पिसांचा तपशील एकदा गेला की नंतर परत आणता येत नाही, म्हणून अनुभवी लोक अशा वेळी मुद्दाम थोडा अंधारा फोटो काढतात. सावलीतला तपशील पुढे वर काढता येतो, पण त्यासाठी फोटो रॉ स्वरूपात हवा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. संपादनाची सारी मोकळीक या फरकातून येते. कातरण्याचा हिशेबही आधीच ठाऊक असावा. 24 मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तर 6 मेगापिक्सेल उरतात. त्यातून साधारण दहा इंची चांगली छपाई होते, त्याहून मोठी होत नाही.

तलासरीच्या बाजूला सगळाच ठेका बदलतो. फाल्गुनात काटेसावर आणि पळस फुलले की झाडाखाली नुसते बसून राहावे. पळसमैना, कोतवाल, बुलबुल आपणहून येतात. पण झाड कुणाच्या तरी परसात असते, पाड्याजवळ असते. तिथे तिपाई लावण्याआधी घरातल्या आजीला किंवा काकांना विचारणे हा साधा रिवाज आहे. तो पाळणाऱ्याला कुठल्या झाडावर पिंगळा बसतो हेही तेच सांगतात. बिबट्याशी शेजार इथे जुना आहे. वारली वाघोबाला पुजतात, दिवाळीच्या सुमारास वाघबारस करतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे 150 ठाणी नोंदली गेली.

या नात्याचा जगभर पोहोचलेला फोटो मात्र मुंबईत निघाला. नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीतल्या वारली वस्तीत, लोकांना विश्वासात घेऊन, एका बोळात आपोआप टिपणारा कॅमेरा लावला. फ्लॅश असे मांडले की उजेड त्या बोळातल्या रोजच्या दिव्यासारखाच वाटावा. कॅमेरा असा ठेवला की बिबट्या साऱ्या चौकटीवर स्वार होणार नाही. चार महिन्यांनी हवा तो फोटो मिळाला आणि 2016 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत तो शहरी विभागात पहिला आला. त्या फोटोतली घरे पुसली तर उरतो फक्त एक बिबट्या, आणि तसे फोटो हजारो आहेत.

मोठ्या स्पर्धांचे नियमही हेच सांगतात. उजेड-अंधार, रंग, कातरणे, धार, नॉइज म्हणजे दाणेदारपणा कमी करणे हे चालते. सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणेही चालते. चौकटीत काही घालणे किंवा तिथले काही काढणे चालत नाही. मूळ रॉ फाइल मागितली जाते. तरी रॉ फाइल म्हणजे सत्याची हमी नव्हे. याच लंडनच्या स्पर्धेत 2017 मध्ये बक्षीस मिळालेला, ब्राझीलमधल्या मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. त्यातला प्राणी पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण बक्षीस परत घेतले गेले. खोटेपणा संगणकावरच होतो असे नाही, तो कॅमेऱ्यापुढेही मांडता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची दाणेदारपणा काढणारी साधने आता स्वस्तात मिळतात आणि पहाटेच्या अंधारात काढलेले फोटो त्यांनी खरोखर वाचतात. धोका एवढाच की ती नसलेली पिसेही रंगवतात. छोट्या चिखल्यांच्या जाती चोचीची लांबी, पायाचा रंग अशा बारकाव्यांवरून ओळखल्या जातात. तिथे यंत्राने कल्पनेने भरलेला तपशील म्हणजे चुकीची नोंद. हौशी माणसाचा फोटो आज नुसता शोभेचा राहिलेला नाही. ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट यांसारख्या ठिकाणी तो तारीख, वेळ आणि जागेसह नोंद म्हणून जमा होतो. 30 ऑगस्ट 2024 ला याच डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी झाली. वाढवण, वरोर, चिंचणीच्या खडकाळ किनाऱ्यावर कोणते पक्षी आणि खडकांच्या डबक्यांत कोणते जीव होते, हे उद्या कुणी विचारले तर न पुसलेले, तारखेसह जपलेले फोटोच उत्तर देतील. म्हणून धुराडे राहू द्यावे. बगळा धुराड्याच्या सावलीत जगतो आहे, ही त्या फोटोतली सर्वांत महत्त्वाची बातमी आहे.

काही फोटो मात्र काढूच नयेत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणूस जवळ रेंगाळला की ती उठते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे येते. काही स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत, ते योग्यच आहे.

पावसाळ्यात डहाणूच्या किनाऱ्याला जखमी समुद्री कासवे लागतात. जाळ्यात अडकून अनेकांचे पाय कापलेले असतात. त्यांच्यासाठी डहाणूत वनविभागाच्या आवारात उपचार केंद्र चालते. असे कासव दिसले तर त्याला उचलून सेल्फी घेऊ नका, फ्लॅश मारू नका आणि पाण्यात परत ढकलू नका; दमलेल्या, जखमी कासवाला पोहता येत नाही. लांबून एक फोटो घ्या, जागा आणि वेळ टिपा, कुत्री जवळ येऊ देऊ नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.