नर्सबाईंच्या नोंदीतला शब्द

आपल्या डहाणू-तलासरीत लेकरू खंगलं की कोणी ‘बारीक’ म्हणतं, कोणी ‘अशक्त’. घरात बोलायला ठीक आहे. पण नर्सबाईंच्या नोंदीत ‘बारीक’ वाचून पुढची नर्स काय करणार? तिथे सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर ‘मॅम’. शब्द ठरला की पुढचे उपचारही ठरतात.

नोंद कॉम्प्युटरवर गेली की आणखी काटेकोरपणा लागतो. ‘ताप’, ‘फीवर’, ‘अंग गरम’ या मशीनला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात! म्हणून प्रमाण शब्दसंग्रह असतात. त्यातला एक ‘स्नोमेड सीटी’. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे. त्यात तापाचा क्रमांक ३८६६६१००६. वाचणारी नर्स मराठी असो की गुजराती, क्रमांक तोच. तलासरीची माणसं वापीच्या दवाखान्यातही जातात, हे आठवा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं तर विचारूच नका.

तरी आईचे शब्दही नोंदीत हवेत, असं मला वाटतं. ‘परवापासून दूध ओढत नाही’ यातलं ‘परवापासून’ नुसत्या क्रमांकात मावत नाही.

शाळेत आरबीएसकेचं पथक आलं की आपल्या मुलापुढे कोणता शब्द लिहिला ते विचारून घ्या. गाव सोडताना बाळाचं कार्ड आणि १४ अंकी आभा क्रमांक पिशवीत असू द्या.