मुटका वळला की मशीन थांबवा

आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात एप्रिलच्या दुपारी पारा पस्तिशीला टेकलेला असतो, आणि बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. टार्टच्या पिठात ते गारच राहायला हवं. हाताने चोळायला घेतलं की तळहाताची ऊब लागते आणि पिठाचा लगदा होतो. त्यासाठीच मी स्टँड मिक्सर घेतला. त्याची ताकद मला नको होती. त्याचं पातं गार राहतं, हे महत्त्वाचं होतं.

हे यंत्र मूळचं बेकरीतलं. अमेरिकेत ओहायोमधल्या हॉबर्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी ते घडवलं, आणि १९१९मध्ये किचनएड या नावाने ते घरोघरी जाऊ लागलं. भांडं जागेवर असतं. पातं स्वतःभोवती फिरत फिरत भांड्यातही फेरी मारतं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसं. पावाच्या पिठाला आकडा लावायचा, क्रीम फेटायला तारांची फेटणी. टार्टसाठी मात्र चपटं पातंच.

माझं प्रमाण वजनावर असतं: ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नाही. बटरचे सेंटिमीटरभर तुकडे करून फ्रीजमध्ये ठेवते, भांडं आणि पातंही. मग सगळ्यात कमी वेगावर मशीन सुरू. आधी तुकडे भांड्यावर टणटण आपटतात. थोड्या वेळाने आवाज बसतो, मैद्याचा पांढरा रंग जाऊन फिकट पिवळी झाक येते. एक-दीड मिनिटात मिश्रण जाडसर रव्यासारखं दिसतं, मध्ये मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढे बटरचे कण. इथे मशीन बंद करायचं.

पहिल्यांदा मी हे करत होते तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मूठभर मिश्रण उचललं, दाबलं, मुटका वळला. म्हणाल्या, “अगं, हे तर करंजीचं मोहन!”

अगदी खरं. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन नावाचं चिवट जाळं तयार होतं. पोळीला, पावाला ते हवं. करंजीला आणि टार्टला नको. म्हणून पाण्याआधी स्निग्धाचा थर कणाकणाला लावायचा, म्हणजे जाळं धरत नाही. आपण मोहन कडकडीत घालतो, टार्टला बटर गार. वाटा उलट, पण दोन्हीकडे खुसखुशीतपणा येतो तो यामुळेच. शिवाय बटरचे जे कण अख्खे राहतात ते भट्टीत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या जागी पापुद्रे सुटतात.

आता बर्फाचं पाणी, चमच्याचमच्याने. पुस्तकी प्रमाण १०० ग्रॅमचं असलं तरी माझं ७०-८० मध्ये भागतं. खरी सावधगिरी इथेच. एकदा पाणी घालून मी आंबे चिरायला वळले आणि मशीन दोन मिनिटं चालूच राहिलं. गोळा सुंदर, गुळगुळीत झाला होता. भाजल्यावर टार्ट कडेने आक्रसले, खाली बसले आणि चावायला चिवट लागले. पीठ मळलं गेलं होतं. तेव्हापासून पाणी घातलं की मी बटणावरचा हात काढत नाही. दहा-पंधरा सेकंदांत ढेकळं जमू लागतात. ती ओबडधोबडच बाहेर काढते, हाताने एकत्र दाबते, चपटी थापून तासभर फ्रीजमध्ये ठेवते. तेवढ्यात पाणी सगळीकडे मुरतं, जे थोडं ग्लुटेन झालेलं असतं ते सैलावतं आणि लाटताना पीठ मागे ओढत नाही.

गेल्या रविवारी हापूसचे टार्ट केले. सासूबाईंनी भांड्यात हात घातला, मूठ दाबली आणि म्हणाल्या, “थांबव.” मी थांबवलं. घड्याळाकडे दोघींनीही पाहिलं नव्हतं.