कृषी सेवा केंद्राचा परवाना : कशासाठी आणि कोणासाठी?

मृगाचा पाऊस तोंडावर आला की अकोला-अमरावतीच्या बाजारपेठांतील कृषी सेवा केंद्रे गजबजू लागतात. अशा दुकानांत वर्षानुवर्षे राबणारे, औषधांची नावे तोंडपाठ असलेले कितीतरी तरुण आपल्या परिचयाचे असतात. 'आता स्वतःचे दुकान टाकावे' असे मनात आले की त्यांना कळते, केवळ अनुभव पुरेसा नाही, परवाना हवा. हा परवाना कशासाठी, हे आपण समजून घेऊ या.

१९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि विक्रीसाठी परवाना आवश्यक ठरला. २०१५ साली नियम अधिक कडक झाले व विक्रेत्यासाठी शिक्षणाची अट आली. पदवी नसलेल्या जुन्या विक्रेत्यांना पुढे बारा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची सवलत मिळाली. नव्याने या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या अल्पशिक्षित तरुणाची वाट मात्र बिकटच राहिली.

मग ही अट अन्यायाची म्हणावी काय? २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. चौकशीसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमावे लागले. कोणते औषध किती घ्यावे, कशात मिसळू नये, हे पुष्कळ शेतकरी दुकानदारालाच विचारतात. त्याचे अज्ञान मजुराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ज्ञानाची अट आम्हांस योग्य वाटते.

परंतु ज्ञान मिळविण्याची वाट गरिबालाही परवडली पाहिजे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ साली कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' ही एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकान सांभाळून आठवड्यातून एक दिवस शिकण्याची तिची पद्धत अनुकरणीय आहे. याउलट, कामाशी फारसा संबंध नसलेली अट काढूनही टाकता येते. व्यावसायिक वाहनचालकास आठवी उत्तीर्ण असण्याची सक्ती केंद्र सरकारने २०१९ साली रद्द केली. कुशल परंतु अल्पशिक्षित चालकांना त्यामुळे रोजगाराचे दार उघडले.

आपल्या तरुणांना आमचे सांगणे इतकेच : दुकानाचे पागडी-भाडे भरण्यापूर्वी कृषी विभागात आजची पात्रता विचारून घ्या. बियाणे, खते व कीटकनाशके यांचे परवाने निरनिराळे असतात, हेही ध्यानात ठेवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अभ्यासक्रमांची चौकशी करा. दुसऱ्याच्या पदवीवर परवाना काढून आपण दुकान चालविण्याच्या मोहात मात्र पडू नका. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर माणूस दुसराच, अशा दुकानात शेतकऱ्याला खरा सल्ला कोण देणार?